लेआला ठाऊक होतं का

बाई,

काल तुम्हाला जाऊन दहा दिवस झाले. मी सकाळच्या पहिल्या जीपने मंचरहून नारायणगावला आणि तिथून दुसऱ्या जीपने जुन्नरला आले. तुमच्या दाराला कुलूप होतं. शेजारची बाई धुणं वाळत घालत होती. तिनं विचारलं, "कुणाकडं आलात?"

मी म्हटलं, "बाईंचा दहावा हाय ना आज."

ती हळूच म्हणाली, "आमच्यात दहावा नसतो हो. रविवारी प्रार्थना झाली. बसा, पाणी देते."

सात वर्षं तुमच्या ओट्यावर बसून तुमचं शास्त्र, म्हणजे बायबल, ऐकलं आणि एवढी साधी गोष्ट मला ठाऊक नव्हती. मातीलाही मी नव्हते. बातमी चौथ्या दिवशी कळली, तीही मार्केटात. माल उतरवता उतरवता जीपवाला म्हणाला, "मावशी, ती तुमची जुन्नरची मास्तरीण गेली की." मी त्याला म्हटलं, "पाटी नीट धर."

आमच्यात दहाव्याला कावळा शिवेना तर घरातलं कुणीतरी पुढं होतं आणि हात जोडून, जे राहिलं असेल ते बोलून टाकतं. मला तसं बोलायचं होतं, म्हणून आले होते. तुमच्यात ती सोय नाही, म्हणून लिहिते. लिहायला तुम्हीच शिकवलंत, तेव्हा चुका निघाल्या तर त्यात तुमचाही वाटा आहे.

शेजारीण म्हणत होती, "फार शांत होत्या बाई. कुणाशी कधी वाकडं नाही." मी पाणी पिऊन घेतलं. तुम्ही किती चिवट भांडत होतात ते मला ठाऊक आहे. आता भांडायला समोर कुणी नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्यात तेवढं बळही राहिलं नाही.

तुम्ही रिटायर होऊन जुन्नरला राहायला आलात, त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. मी कोथिंबीर-मेथी घेऊन त्या बाजूला आले होते. तुम्ही दारात आलात आणि जुडी न बघता पिशवी पुढं केलीत. घासाघीस न करणाऱ्या माणसाचा मला राग येतो. मी म्हटलं, "भाव तरी इचारा, बाई." तुम्ही चष्मा वर केलात आणि म्हणालात, "हौसा ना तू? चौथीतली? एका डोळ्यात फूल असलेली?"

बाई, पंचवीस वर्षांत माझ्या तोंडावर कुणी डोळ्याचं नाव काढलं नव्हतं. मागं काढत असतील. समोर काढायची छाती नव्हती, कारण माझं तोंड मंचरच्या मार्केटात सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही मात्र ते हजेरीपटातलं नाव वाचावं तसं म्हणालात, आणि लगेच विचारलंत, "तुमच्या घरी मेंढरं होती ना? मग बस. मला काम आहे तुझ्याशी."

काम म्हणजे लेआ. तुम्ही तिच्यावर कादंबरी लिहीत होतात. मला तिचं नावही ठाऊक नव्हतं, तेव्हा तुम्ही गोष्ट सांगितलीत. याकोब नावाचा एक तरणा माणूस घर सोडून मामाकडं आला. विहिरीवर मामाची धाकटी पोर राहेल मेंढरं पाजायला आली होती. ती त्याच्या मनात भरली. मामा लाबान म्हणाला, सात वर्षं माझी मेंढरं राख, मग देतो. त्यानं सात वर्षं राखली. लग्न लागलं, आणि सकाळी बघतो तर बुरख्याखाली थोरली, लेआ. तिचे डोळे अधू होते. लाबान म्हणाला, आमच्यात थोरलीच्या आधी धाकटी देत नाहीत.

तुम्ही सांगत होतात आणि मी जुड्यांवर पाणी मारत होते. मी मान वर केली नाही. तुम्हाला वाटलं, मला गोष्ट आवडली नाही.

मग आपलं सुरू झालं. आठवड्यातून एकदा माल देऊन परतताना मी ओट्यावर बसायची. तुमची वही जाड होती. डाव्या पानावर शास्त्रात जे आहे ते, तुमच्या शब्दांत. उजव्या पानावर तुमची भर. उजवीकडचं काही डावीकडच्याला खोटं पाडत असलं की तुम्ही रेघ मारायचात. मेंढराचा वास पावसात कसा असतो, खुरी झाली की मेंढरू कसं गुडघ्यावर चरतं, लेकुरवाळी मेंढी परक्याचं कोकरू कशी ढुशी मारून लोटते, हे सगळं मी सांगितलं आणि तुम्ही उजव्या पानावर घेतलंत.

याकोबानं सोललेल्या काठ्या पाण्यापुढं रोवल्या आणि ठिपक्यांची कोकरं जन्मली, हे तुम्ही वाचलंत तेव्हा मला हसू आवरेना.

"काठ्या दावून ठिपके? बाई, आमचा आजा असता तर त्यानं तुमच्या याकोबाला नारायणगावच्या तमाशात सोंगाड्या म्हणून भरती केला असता."

"लिहिलंय ते लिहिलंय, हौसा."

"मग देवानं केलं म्हना. काठीनं न्हाई व्हत असलं काही."

तुम्ही खूप वेळ हसलात. म्हणालात, "पुढच्या अध्यायात याकोब स्वतः तेच म्हणतो. न वाचता पोचलीस तू तिथं."

त्या दिवशी मला शाळेत पहिला नंबर आल्यासारखं वाटलं. शाळेत तो कधी आला नव्हता.

लाबानावर मात्र आपलं जमलं नाही; त्याचीही बाजू बघावी असं तुम्ही म्हणायचात. मला वाटलं, मी व्यापारी आहे म्हणून मी त्याची बाजू घेईन असं तुम्हाला वाटत असेल. मी म्हटलं, "दावला एक माल नि दिला दुसरा, असा यापारी एकदाच इकतो." मी आयुष्यात उभ्या भाजीचा वाफा बघून सौदा केला तो तसाच उचलला आणि दाखवला तोच माल दिला. त्यावरच टोपलीपासून टेम्पोपर्यंत आले. तुम्ही वहीतून मान वर करून विचारलंत, "हे तू कुठं शिकलीस?"

तेव्हा मी सांगितलं.

आमच्याकडं पाहुणे धाकटीला, मंजुळाला, बघून गेले होते. मला आत बसवलं होतं. बा म्हणायचा, थोरली बसलेली असताना धाकटी उजवायची कशी? लग्नात मुंडावळ्यांवरून पदर नाकापर्यंत ओढून मला उभं केलं. दुसऱ्या दिवशी सासरी हळद उतरवायला पाटावर बसवलं तेव्हा पदर सरकला आणि त्यानं माझा डोळा पाहिला. मोठ्यानं नाही, आपल्या बापाच्या कानाशी म्हणाला, "ही न्हवं ती." पंच बसले. माझ्या बाला लोकांनी नाही नाही ते ऐकवलं. चार वर्षं मी तिथं भाकरी थापल्या. तो माझ्याशी बोलला नाही. मग त्यानं दुसरी आणली आणि मी मंचरला येऊन मेथीची टोपली घेतली. बाशी मी पुन्हा बोलले नाही. तो गेला तेव्हाही मी गावाच्या वेशीपासून परत आले.

हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. बापानं पोरीला फसवलं, असंच सगळे म्हणत आले आणि मी म्हणू दिलं.

राहिलेलं मी तुम्हाला तिसऱ्या वर्षी सांगितलं. ते दुसऱ्या कुणालाच सांगितलं नव्हतं. लग्नाच्या आदल्या दिवशी जात्यावर हळद दळताना आईनं मला विचारलं होतं, "उभी ऱ्हाशील का? तोंड उघडायचं न्हाई." आणि मी हो म्हटलं होतं. कुणी धमकावलं नव्हतं. बघायला आला तेव्हा जाता जाता मागच्या दारी त्यानं माझ्या हातून तांब्या घेतला होता आणि माझ्याकडं न बघता म्हणाला होता, "पाणी गोड हाय तुमचं." तेवढ्यावर मी हो म्हटलं. पंचांपुढं बा म्हणाला, "पोरीला काय बी ठावं न्हाई, मी तिला बी फशिवलं." माझ्याकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. मी खाली मान घालून बसले. त्यानंतर त्याच्यावर रागावणं हे खरं बोलण्यापेक्षा सोपं होतं, आणि राग मला जमतो.

तुम्ही पेन बाजूला ठेवलंत. आत जाऊन चहा केलात, आणि त्यात साखर घालायला विसरलात. दोघींनी तो तसाच प्यायला.

मीच म्हटलं, "लेआला ठाऊक व्हतं, बाई. तिला इचारल्याबिगर असं हुईलच कसं? तुमी तिच्या तोंडी घाला. माझं नाव नगं. पर कुठंतरी लिव्हलेलं ऱ्हावं."

पुढच्या आठवड्यात तुम्ही ते वाचून दाखवलंत. दीड पान होतं. तंबूच्या तोंडाशी सकाळच्या उन्हात लेआ बसली आहे आणि याकोबाला सांगते आहे: तू फसलास, मी फसले नाही. बापानं विचारलं आणि मी हो म्हणाले. सात वर्षं तू माझ्यासमोरून तिच्याकडं जात होतास. मला एकदा तुझ्या हाकेला ओ द्यायची होती, मग ती तिच्या नावानं का होईना.

मला वाटलं, कुणीतरी माझ्या डोक्यावरचं ओझं हात लावून खाली घेतलं.

म्हणून पुस्तक छापायला निघालं तेव्हा मी त्या प्रेसवाल्याच्या मागं लागले. त्यानं कव्हरवर टीव्हीतल्या मालिकेतली असावी अशी गोरी, टपोऱ्या डोळ्यांची बाई काढून आणली होती. मी त्याच्या टेबलावर कव्हर आपटलं. "डोळे अधू हाईत हिचे. पुस्तक वाचलंस का नुसतंच छापतोस?" तो तुम्हाला म्हणाला, "मॅडम, या तुमच्या कोण?" तुम्ही म्हणालात, "ही माझी तज्ज्ञ आहे, मेंढ्यांची." शेवटी कव्हरवर नुसती विहीर आली. तेव्हा मार्केटात मोबाईल नुकते दिसायला लागले होते. एका अडत्याच्या फोनवर तुम्ही निरोप ठेवलात की पुस्तक आलं.

मी बटाट्याच्या पोत्यावर बसून वाचलं. मेंढरांचा वास होता, खुरी होती, परकं कोकरू लोटणारी मेंढी होती. माझ्या घरचं सगळं होतं. ते दीड पान नव्हतं. सकाळ होते, याकोब बुरखा दूर करतो, आणि पुढच्या ओळीला तो लाबानाकडं निघालेला असतो. मी पानं मागंपुढं केली. शिलाईत अडकलंय का तेही बघितलं.

त्याच दुपारी मी तुमच्या दारात होते. तुम्ही आत ये म्हणालात. मी आले नाही.

"माझं पान कुठाय?"

"काढलं."

"कुणी सांगितलं? तुमच्या त्या पाद्रीसायबानं?"

"मी काढलं. लेआला ठाऊक होतं की नव्हतं, हे शास्त्र सांगत नाही, हौसा."

"मग मेंढराचा वास कुठं सांगितलाय? कोकरू लोटलेलं कुठं सांगितलंय? ते कसं चाललं?"

"मेंढराला वास असतोच. त्यानं कुणावर आळ येत नाही. पण ती फसवणुकीत सामील होती, हे मी लिहिलं तर मी तिच्यावर दोष ठेवला. नव्हती असं लिहिलं तर तिला धुऊन काढली. शास्त्र जिथं गप्प आहे तिथं साक्ष द्यायचा मला हक्क नाही."

"तुमची लेआ मरून हजारो वर्सं झाली. तिला काय फरक पडतोय?"

"तुला पडतोय म्हणून सांगते. ती कबुली तिची नाही. तुझी आहे. तू दे."

बाई, माणसाच्या हातातून वस्तू काढून घ्यावी आणि वर त्यालाच ती उचलायला सांगावी, तसं मला झालं. मी काय काय बोलले ते मला आठवतं, आणि तुम्हालाही आठवत असणार. माझं घर चोरून तुम्ही पुस्तक केलंत असं म्हणाले. तुम्हाला लेकरू नाही म्हणून दुसऱ्याच्या आतड्याची किंमत कळत नाही असंही म्हणाले. हे शेवटचं म्हणायला नको होतं. तुम्ही दाराची कडी धरून उभ्या होतात. इतकंच म्हणालात, "जीप मिळेल का आता तुला?"

तीन वर्षं मी जुन्नरचा रस्ता धरला नाही. पहिल्या नाताळला तुम्ही करंज्यांचा डबा पाठवलात, तो मी न उघडता परत पाठवला. दुसऱ्या वर्षी ठेवून घेतला. करंज्या वाटल्या, डबा ठेवला. तो अजून माझ्याकडं आहे.

मागच्या उन्हाळ्यात तुम्ही स्वतः मंचरला आलात. एवढ्या उन्हात, त्या हायवेवरच्या ट्रकांतून रस्ता ओलांडून. मी बघितलं होतं तुम्हाला लांबूनच. तुम्ही पोत्यावर बसलात आणि मी मुद्दाम सौदा लांबवला. मग दुसरा काढला. तुम्ही पदरानं वारा घेत होतात. बऱ्याच वेळानं म्हणालात, "मंजुळाला भेटलीस का?"

मी म्हटलं, "गिऱ्हाईक हाय. नंतर या."

तुम्ही उठलात. मला वाटलं, तुम्ही पुन्हा याल. आपल्यात पहिल्यांदा कोण नमतं हे ठरलेलं होतं, आणि ते तुम्हीच.

काल तुमच्या बंद दारातून निघाले आणि घरी न जाता ओतूरला गेले. मंजुळा तिथं दिली आहे. सणावाराला, लग्नाकार्याला भेटतो आम्ही. लेकरांचं बोलतो, दुखण्याखुपण्याचं बोलतो. तिच्या पायरीवर ती भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. मी बाजूला बसले आणि शेंगा फोडायला लागले.

"अक्का, वाट चुकली का आज?"

"मंजे, मला ठाऊक व्हतं."

"काय?"

"माझ्या लग्नाचं. आईनं आदल्या दिशी इचारलं व्हतं. मी हो म्हणले. बानं मला फशिवलं न्हवतं."

तिचे हात थांबले नाहीत. "व्हय," ती म्हणाली. "मी कणगीमागं व्हते. ऐकलं समदं."

एवढी वर्षं, बाई. मी तिला म्हटलं, "मग बोलली का न्हाईस? बाला लोक एवढं बोलत व्हते."

"मी बाला इचारलं व्हतं, सांगू का लोकास्नी म्हणून. बा म्हणला, तिचं नाव तेवढं तरी साफ ऱ्हाऊ दे."

मला वाटलं होतं, सांगून टाकलं की संपेल. ती उठून आत गेली, पाण्याचा तांब्या आणला, माझ्या हातात दिला आणि परत बसली. मग शेंगांकडं बघतच म्हणाली, "तुला इचारलं तरी आईनं. मला कुणी इचारलं न्हाई."

"काय इचारायचं व्हतं?"

"मला बी तो पसंत व्हता."

बाई, माझं वय आता साठीला आलं. मी माणसाच्या चेहऱ्यावरून तो भावात किती उतरेल ते ओळखते. माझ्या बहिणीच्या चेहऱ्यावरचं हे मला एकदाही दिसलं नाही. तिनं हे रागानं सांगितलं नाही. मेथीला यंदा किडा पडला म्हणावं, तसं सांगितलं.

मी विचारलं, "लग्नाच्या दिशी तू कुठं व्हतीस?"

"मला पहाटंच मेंढरं घेऊन डोंगराकडं धाडलं व्हतं. कुणाच्या नजरंला पडू नये म्हणून. भाकरी बांधून दिली व्हती. वर वाजप ऐकू येत व्हतं. अक्षता कधी पडल्या ते बी कळलं."

तुम्ही आणि मी सात वर्षं त्या ओट्यावर बसून भांडलो. लेआनं काय केलं, लेआला काय ठाऊक होतं, लेआनं काय बोलावं. लाबानावर भांडलो, काठ्यांवर भांडलो. त्या दिवशी राहेलला कुठं ठेवलं होतं, हे तुम्ही मला विचारलं नाहीत आणि मी तुम्हाला विचारलं नाही. तुमच्या शास्त्रात ते नसेल. तुमच्या नियमात ते बसत नाही म्हणून तुम्ही लिहिलं नसतंत, आणि मला आता कळतं की तुमचं ते बरोबरच ठरलं असतं. पण मंजुळा तर जिवंत होती. जीपच्या रस्त्यावर होती. मला फक्त जायचं होतं, आणि तुम्ही एवढ्या उन्हात तेच सांगायला आला होतात.

मी तिला म्हटलं, "मंजे, चुकलं माझं."

ती म्हणाली, "ऱ्हा आजच्या दिस."

मी राहिले. संध्याकाळपर्यंत शेंगा फोडल्या. तिनं मला डोंगरावरची ती सगळी सकाळ सांगितली, कोणती मेंढी कुठं चुकली इथपासून. मी मधे बोलले नाही.